भाऊबंदाला कडी ठाऊक असते

खानापूर तालुक्यात, मलप्रभेच्या काठाला आमच्या आत्तीचं घर आहे. जांभ्या चिऱ्याचं, कौलारू, आणि वीसेक वर्षांमागं दोन भावांत वाटून घेतलेलं. माजघरातून भिंत गेली, विहीर सामाईक राहिली, परसदार आत्तीच्या वाट्याला आलं. या परसदाराची कडी आतून लागते, पण दार गुडघ्यानं जरासं उचलून फटीतून काटकी सरकवली की ती बाहेरूनही पडते. पहाटे गवळी याच युक्तीनं आत येतो, चुलीजवळच्या पातेल्यात दूध ओततो आणि कुणाची झोप न मोडता निघून जातो. आधी त्याचा बाप येत होता, आता तो येतो.

वाटणीच्या वेळी एका तांब्याच्या हंड्यावरून वाद राहिला होता. एका सकाळी तो हंडा न्हाणीतून नाहीसा झाला. आम्ही सगळे चोर-चोर करत असताना आत्ती सुपातले तांदूळ पाखडत म्हणाली, "बाहेरचा असता तर पुढच्या दाराचं कुलूप फोडला असता. ह्याला कडी ठाऊक होती." हंडा भिंतीपलीकडं निघाला, हे वेगळं सांगायला नको.

हा किस्सा विसरलो असतो. पण त्याच आठवड्यात बेळगावला कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राचा तास घेताना मागच्या बाकावरून प्रश्न आला: "सर, जिवाणूला डोळे नाहीत, मेंदू नाही. मग त्यानं सोडलेल्या विषाला कुणाला मारायचं हे कळतं कसं?" पुस्तकातलं उत्तर मला पाठ होतं. ते देऊन झालं, पण पोराचं तोंड काही खुललं नाही. मग मी आत्तीचं उत्तर दिलं.

विष आहे, पण शेजाऱ्यापुरतं

आधी हे विष म्हणजे काय ते बघू. अनेक जिवाणू दुसऱ्या जिवाणूंना मारणारी प्रथिनं तयार करतात. त्यांना बॅक्टेरिओसिन म्हणतात. त्यातला सगळ्यांत जुना, सगळ्यांत जास्त अभ्यासलेला गट म्हणजे कोलिसिन. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू ती बनवतो. १९२५ मध्ये बेल्जियममधल्या लिएज इथं आंद्रे ग्रासिया यांना दिसलं, की ई. कोलायच्या एका वाणाच्या द्रवात असं काहीतरी आहे जे ई. कोलायच्याच दुसऱ्या वाणाला मारतं. 'कोलिसिन' हे नाव मात्र १९४६ मध्ये आलं, ग्रासिया आणि त्यांचे सहकारी पिएर फ्रेडरिक यांनी ते दिलं.

इथं थांबून एक गोष्ट नीट बघायला हवी. ई. कोलायनं ई. कोलायला मारलं. पेनिसिलिनसारखं औषध पाचपन्नास जातींच्या जिवाणूंना एकदम झोडपतं, तसं हे नाही. कोलिसिन ई. कोलायला आणि त्याच्या अगदी जवळच्या नातलगांना मारतं, आणि शेजारून जाणाऱ्या लांबच्या जातीला धक्काही लावत नाही. बहुतेक बॅक्टेरिओसिनांची हीच तऱ्हा. वैर परक्याशी नाही, चुलतभावाशी.

आपल्याकडं याला भाऊबंदकी म्हणतात, आणि तिचं कारणही तेच आहे. शेताचा बांध कोरतो तो शेजारचा वाटेकरी, कारण त्यालाही तीच जमीन हवी असते. आतड्यात ई. कोलायच्या दोन वाणांना अन्न एकच, जागा एकच. शेकडो इतर जाती तिथं असतात, पण त्यांचं ताट वेगळं असतं.

पण 'का मारतो' हे कळलं म्हणून 'कसा ओळखतो' हे कळत नाही. पोरानं विचारलं होतं ते दुसरं.

कुसळ आणि धोतर

'ओळखणं' हा शब्दच इथं आपल्याला फसवतो. शेतातून चालताना कुसळं धोतराला चिकटतात, हातातल्या पितळी तांब्याला नाही. म्हणून कुसळाला धोतर ओळखू येतं असं आपण म्हणत नाही. कुसळाला आकडे आहेत आणि धोतराला धागे आहेत, इतकंच. रेणूंचंही तसंच. कोलिसिन पाण्यात तरंगत असतं, आजूबाजूच्या रेणूंचे धक्के खात इकडून तिकडं जातं, ज्याच्या-त्याच्यावर आपटतं. बहुतेक ठिकाणांवरून घसरून जातं. एखाद्या जागी त्याचे उंचवटे समोरच्याच्या खळग्यात बसतात, इथला धन भार तिथल्या ऋण भारासमोर येतो, आणि मग ते सुटत नाही. ही 'ओळख'.

तर प्रश्न असा उरतो: जिवाणूच्या अंगावर कुठले धागे आहेत, ज्यात हे कुसळ अडकतं?

ई. कोलायसारख्या जिवाणूंना दोन कातड्या असतात. आतली एक, आणि बाहेर आणखी एक घट्ट आवरण. हे बाहेरचं आवरण मोठ्या रेणूंना आत येऊ देत नाही. म्हणून तर अशा जिवाणूंवर कित्येक औषधं चालत नाहीत. पण सगळंच बंद करून कुणाला जगता येत नाही. आवरणात बारीक भोकं असतात, लहान रेणू त्यातून आपोआप ये-जा करतात. आणि ज्या वस्तू मोठ्या आहेत, दुर्मिळ आहेत आणि हव्याच आहेत, त्यांच्यासाठी खास दारं असतात. जीवनसत्त्व बी-१२ साठी एक, लोहासाठी काही वेगवेगळी.

कोलिसिनं याच दारांना धरतात.

हे कळण्याची कहाणी मला फार आवडते, कारण तिच्यात एकही महागडं यंत्र नाही. फ्रेडरिक यांच्या जिवाणू वाढवायच्या बशीत कोलिसिनच्या माऱ्यातूनही काही ई. कोलाय वाचायचे. अशा वाचलेल्या वाणावर त्यांनी बाकीची कोलिसिनं टाकून बघितली. एका कोलिसिनला दाद न देणारा वाण आणखी दोन-तीन कोलिसिनांनाही जुमानत नव्हता, पण उरलेल्यांनी मुकाट मरत होता. याचा अर्थ ती दोन-तीन कोलिसिनं एकाच दारानं येत असणार आणि वाचलेल्यानं ते दार लिंपून टाकलं असणार. या हिशेबानं त्यांनी कोलिसिनांना अक्षरं दिली. आज आपण 'ई गटातलं कोलिसिन' म्हणतो तेव्हा ते अक्षर दाराचं आहे. पुढं ई-१, ई-२, ई-३ असे आकडे आले ते विषावरच्या उताऱ्यावरून, त्याबद्दल थोड्या वेळानं.

दार कसलं, हे मात्र बरंच उशिरा कळलं. १९७३ मध्ये दिसून आलं, की ई गटाची कोलिसिनं ज्या जागेला चिकटतात, तीच जीवनसत्त्व बी-१२ आत घेण्याची जागा आहे. दोघांना एकत्र सोडलं तर ती एकमेकांना अडवतात. त्या दाराच्या प्रथिनाला बीटीयूबी म्हणतात. एका पेशीवर अशी दारं असतात जेमतेम काही शे.

म्हणजे गवळ्याची कडी.

तांबड्या मातीतला लोहाचा दुष्काळ

लोहाचं दार यापेक्षाही बोलकं आहे. खानापूरकडं निघालं की माती तांबडी होत जाते, चिरा तांबडा, पावसाळ्यात ओढ्याचं पाणी तांबडं. हा सगळा रंग लोहाचा, म्हणजे खरं तर गंजाचा. तरी याच मातीत जिवाणू लोहासाठी तडफडतात. हवेतल्या ऑक्सिजनशी जुळलेलं लोह पाण्यात विरघळतच नाही, आणि न विरघळलेलं लोह पेशीच्या उपयोगाचं नाही. घरात धान्याची कोठी भरलेली आणि कोठीला कुलूप, तसलं हे. आपल्या शरीरात तर आणखी कठीण, कारण शरीर स्वतःहून लोह लपवून ठेवतं. रक्तात ट्रान्सफेरिन आणि दुधात-अश्रूंत लॅक्टोफेरिन नावाची प्रथिनं लोहाला घट्ट धरून असतात.

जिवाणूंनी यावर उपाय काढला. ते लोह पकडणारे छोटे रेणू बाहेर सोडतात. ई. कोलायच्या अशा रेणूचं नाव एंटेरोबॅक्टिन, आणि लोह धरणाऱ्या आजवर माहीत असलेल्या सगळ्यांत घट्ट चिमट्यांपैकी तो एक आहे. चिमटा लोह घेऊन परत येतो तेव्हा त्याला आत घ्यायला फेपए नावाचं दार असतं. दुसऱ्या तऱ्हेच्या चिमट्यांसाठी एफएचयूए, सिर अशी आणखी दारं.

आता यादी जुळवून बघा. कोलिसिन बी आणि डी चिकटतात फेपएला. कोलिसिन एम एफएचयूएला. कोलिसिन आयए सिरला. ई. कोलाय जिथं जिथं भुकेनं हात पुढं करतो, तिथं तिथं कुणीतरी दबा धरून बसलंय. एफएचयूएवर तर इतकी गर्दी आहे, की जिवाणूंना मारणारे टी-१ आणि टी-५ हे विषाणूही त्याच दाराला येऊन डसतात.

म्हणून मला वाटतं, हे विष शत्रू ओळखतं असं म्हणणंच चूक आहे. ते भूक ओळखतं. ज्याची भूक माझ्यासारखी, त्याचं दार माझ्यासारखं, आणि ते दार त्याला कायमचं बंद करता येत नाही.

एका दाराला धरायचं, दुसरीकडून शिरायचं

इथवर वाचून कुणाला वाटेल, की कोलिसिन बी-१२ चं सोंग घेऊन बी-१२ च्या दारातून आत जात असेल. मलाही कॉलेजात असताना तसंच वाटायचं. ते तसं नाही, आणि जे आहे ते जास्त गमतीचं आहे.

कोलिसिनचे तीन भाग असतात. मधला भाग दार धरणारा, शेवटचा भाग मारणारा, आणि पुढं एक शेपटी, आत शिरायला. कोलिसिन ई-९ घ्या. त्याचा मधला भाग म्हणजे लांबट, दुहेरी वळलेली काडी. तिचं टोक बीटीयूबीच्या तोंडाशी घट्ट बसतं. पण बीटीयूबीचं नळकांडं आतून एका बुचानं भरलेलं असतं. त्यातून बी-१२ जातं, एवढं मोठं प्रथिन नाही. मग कोलिसिन काय करतं? काडी तिरकी उभी राहते, आणि तिच्या वरच्या बाजूनं शेपटी शेजारच्या जागेवर लोंबकळते. मलप्रभेच्या डोहावर गळ टाकून बसलेला माणूस डोळ्यासमोर आणा. खडकावर पाय रोवून बसलाय एकीकडं, दोरी पडलीय दुसरीकडं.

दोरी पडते ती ओम्पएफ नावाच्या भोकावर. ही लहान रेणूंची साधी भोकं, पेशीवर लाखाच्या घरात असतात, तीन-तीनच्या जुडग्यात. भोक इतकं अरुंद, की घडी घातलेलं कुठलंच प्रथिन त्यातून जाणार नाही. पण या शेपटीला घडीच नाही. सुमारे ८० दुव्यांची, म्हणजे अमिनो आम्लांची, ती सैल साखळी, सुईत ओवायच्या दोऱ्यासारखी. ती एका भोकातून आत जाते, आणि २०१० च्या सुमारास झालेल्या संशोधनात असंही दिसलं, की ती जुडग्यातल्या दुसऱ्या भोकातूनही फिरते. म्हणजे नुसती सुई ओवून थांबत नाही, टाका घालते. त्यामुळं शेपटीवरचा एक छोटा तुकडा आतल्या बाजूला नेमका उघडा पडतो.

तो तुकडा टॉलबी नावाच्या प्रथिनात अडकतो. टॉलबी ही त्या जिवाणूचीच, घर सावरणाऱ्या यंत्रणेतली. बाहेरचं आवरण नीट ताणून ठेवणं हे तिचं रोजचं काम. ओढाओढ करायची तिला सवयच, त्यासाठी पेशीची ऊर्जा खर्च होते. ती यंत्रणा शेपूट ओढू लागते. शिकार स्वतःच्या बळानं विष आत खेचून घेते.

काही कोलिसिनं टॉलबीच्या यंत्रणेऐवजी टॉनबी नावाच्या दुसऱ्या यंत्रणेला हाताशी धरतात. एरवी लोह आणि बी-१२ आत ओढायला जी ऊर्जा लागते, ती टॉनबीच पुरवतो. एकूण कट तोच.

म्हणजे ओळख एकदाच पटून भागत नाही. बीटीयूबी हवं, ओम्पएफ हवं, टॉलबी हवं. कडी माहीत असून उपयोग नाही, अंधारात न्हाणी कुठल्या बाजूला हेही ठाऊक लागतं. लांबच्या जातीचा जिवाणू कोलिसिनच्या माऱ्यातून सुटतो, कारण या साखळीतली एखादी कडी त्याच्याकडं वेगळी असते. नेमका बळी ठरवायला ही तिहेरी तपासणी पुरते.

आत गेल्यावरचं काम झटपट. काही कोलिसिनं आतल्या कातडीला भोक पाडतात, ऊर्जा वाहून जाते. ई-९ गुणसूत्राचा डीएनए तोडतं. ई-३ चं काम मला सगळ्यांत थरारक वाटतं. प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोममध्ये सुमारे १,५४२ अक्षरांची आरएनएची एक साखळी असते. ई-३ तिच्यातला १४९३ आणि १४९४ यांच्यामधला एकच टाका उसवतं. बाकी काही नाही. तेवढ्यानं रायबोसोम निकामी.

आणि हो, सोंग घेणारेही आहेत. स्यूडोमोनास हा भाजलेल्या जखमांत हिरवट-निळसर पू करणारा जिवाणू. त्याच्या पायोसिन एस-२ नावाच्या विषाचं पुढचं टोक खरोखरच लोह आणणाऱ्या चिमट्यासारखं वागतं. एफपीव्हीए नावाचं लोहाचं दार फसतं, बूच ओढून घेतं आणि विषाला त्याच वाटेनं आत घेतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये निपाणीपुढं कोगनोळी नाक्यावरून गेलेल्यांना हे वेगळं समजवायला नको. काचेवर 'अत्यावश्यक सेवा' असा कागद दिसला की गाडी पुढं. कागद खरा की छापलेला, हे बघायला सवड कुणाला होती?

स्वतः कसा वाचतो

दार सारखंच असेल तर विष बनवणाऱ्याचंही तेच. मग तो का मरत नाही? इथं ते ई-१, ई-२ वाले आकडे येतात. विषाच्या जनुकाला लागूनच उताऱ्याचं जनुक असतं. विष तयार होताक्षणी उतारा त्याला मिठी मारतो. ई-९ आणि त्याचा उतारा आयएम-९ यांची मिठी दोन प्रथिनांमधल्या आजवर मोजलेल्या सगळ्यांत घट्ट मिठ्यांपैकी एक आहे. ई-२ चा उतारा दिसायला जवळपास तसाच, पण ई-९ वर टाकला तर लाखो पटींनी सैल बसतो. म्हणजे ई-२ वाला आणि ई-९ वाला सख्खे शेजारी, दारं एक, आणि उतारा नसल्यानं एकमेकांच्या विषानं मरणारे. विष बाहेर पडताना उतारा सोबत असतो, पण शिकारीच्या दाराशी शेपूट ओढली जाऊ लागली की गळून पडतो.

विष बाहेर पडतं कसं, हेही ऐकण्यासारखं आहे. ई. कोलायला ते हळूच सोडता येत नाही. त्याला फुटावं लागतं. डीएनएला इजा झाली, जिवावर बेतलं की वस्तीतले मोजके जिवाणू कोलिसिन भरतात आणि फुटून मरतात. त्यांचे उतारा असलेले भाऊ वाचतात, दुसऱ्या वाणाचे चुलतभाऊ मरतात. विद्यार्थ्यांना हे सांगितलं की वर्गात नेहमी थोडी शांतता पसरते.

दह्याच्या बाजूनं

कुंद्याच्या गावात राहून दुधाचा दाखला दिला नाही तर पाप लागेल. दह्यात, ताकात लॅक्टोकॉकस लॅक्टिस नावाचा जिवाणू असतो. त्याचे काही वाण नायसिन नावाचं छोटं प्रथिन करतात, अवघ्या ३४ दुव्यांचं. १९२८ मध्ये दुधातल्या जिवाणूंवर काम करताना त्याचा परिणाम पहिल्यांदा नोंदला गेला. १९६९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी ते खाद्यपदार्थांत वापरायला मान्यता दिली. प्रोसेस्ड चीजच्या वेष्टनावर परिरक्षक म्हणून २३४ हा आकडा दिसला, तर तो हाच.

नायसिनचं ओळखणं वेगळ्या जातीचं आहे. ते दार धरत नाही, गवंड्याला धरतं. जिवाणूच्या भिंतीच्या विटा आत तयार होतात आणि लिपिड-२ नावाच्या रेणूवर बसून बाहेर येतात. घमेलं डोक्यावर घेतलेला गडीच म्हणा. नायसिन त्या घमेल्याखालची चुंबळ पकडतं, म्हणजे वीट आणि तेलकट शेपूट जोडणारा फॉस्फेटचा जोड. एकाच वेळी बांधकाम अडतं आणि त्याच जागी भोकही पडतं. आठ नायसिन आणि चार लिपिड-२ मिळून एक भोक.

चुंबळ सगळ्यांच्याच डोक्यावर सारखी, म्हणून नायसिन पुष्कळ जातींना मारतं. भाऊबंदकीच्या नियमाला हा अपवाद म्हणायचा. पण ई. कोलाय त्याला दाद देत नाही, कारण बाहेरच्या आवरणातून नायसिन आत पोचतच नाही, गडी आतल्या अंगणात. लॅक्टोकॉकस स्वतः वाचतो तो पंप लावून. कातडीत शिरू पाहणारं नायसिन पंप बाहेर फेकत राहतो, आणि कातडीवरचं आणखी एक प्रथिन त्याला वाटेतच धरतं.

दह्या-ताकातल्या जिवाणूंच्या कुळातली काही बॅक्टेरिओसिनं पुन्हा भुकेच्या दारावर जातात. साखर आत घेण्याच्या यंत्रणेला धरतात. लिस्टेरियासारखा, अन्नातून बाधणारा जिवाणू त्यांना बळी पडतो तो या साखरेच्या दारामुळं. लॅक्टोकॉकसच्या अशाच एका विषाबद्दल २००७ मध्ये कळलं, की तिथं उतारा विषाला धरतच नाही. विष दाराशी आलं की उतारा दारालाच धरून बसतो.

आणि भिंतीच्या चुन्यावरूनही ओळख पटते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा गळू-पुवाचा जिवाणू आपल्या भिंतीच्या विटा ग्लायसिन या अमिनो आम्लाच्या पाच दुव्यांच्या पुलानं जोडतो. लायसोस्टॅफिन नावाचं प्रथिन नेमका तोच पूल शोधतं आणि कापतं. ते बनवणारा त्याचा भाऊबंद आपल्या पुलात काही ग्लायसिनच्या जागी सेरिन हे दुसरं अमिनो आम्ल घालतो, आणि कात्री त्याच्यावर चालेनाशी होते.

कडी बदलली तर

हंडा गेल्यावर आत्तीच्या यजमानांनी रागानं परसदाराला नवी कडी बसवली, आतून खिट्टीसकट. दुसऱ्या दिवशी गवळी दार ढकलून-ढकलून थकला आणि चरवी पायरीवर ठेवून गेला. दूध मांजरानं प्यालं. चौथ्या दिवशी जुनी कडी परत लागली.

जिवाणूलाही हाच हिशेब करावा लागतो. बीटीयूबी टाकून दिलं की ई गटाची कोलिसिनं शिरू शकत नाहीत. प्रयोगशाळेत असे वाण सहज मिळतात, बशीत त्यांचं काही बिघडतही नाही, कारण बशीत आपणच त्यांना ताटात सगळं वाढतो. पण आतड्यात, जिथं कणाकणासाठी झोंबाझोंबी असते, तिथं बी-१२ चं दार नसलेला मागं पडू शकतो. लोहाचं दार गेलेला तर जास्तच. काही जण दार ठेवतात पण त्याची बाहेरची नक्षी थोडी बदलतात, म्हणजे खाणं आत येईल पण विषाची पकड बसणार नाही. मग विषाचीही नक्षी बदलते. हा खेळ किती जुना असेल याची कल्पना करवत नाही.

माणसानं ही युक्ती उचलली आहे. टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी फिरताना मी ही गोष्ट एका डॉक्टर मित्राला सांगत होतो. या आवारात एके काळी देवीची लस तयार व्हायची, त्यामुळं असल्या गप्पांना ती जागा शोभते. मी दारांबद्दल बोलत होतो, तर तो म्हणाला, "हे तर आमच्या नव्या औषधासारखंच सांगूलास की." त्याच्या मनात होतं सेफिडेरोकॉल. नेहमीची बरीच अँटिबायोटिकं हरलेल्या जिवाणूंसाठी २०१९ मध्ये अमेरिकेत मान्य झालेलं औषध. अँटिबायोटिकच्या रेणूला लोह पकडणारा चिमटा जोडलेला. भुकेला जिवाणू लोह समजून त्याला आत ओढतो.

मी त्याला विचारलं, जिवाणूंनी त्यावर तोड काढली का? काढली आहे, तो म्हणाला. ज्या रुग्णांत औषध कमी पडलं, त्यांच्यातल्या काही जिवाणूंची एक ठरावीक जनुकं बिघडलेली सापडली. त्यातलं एक सिरचं. कोलिसिन आयए ज्या दाराला येऊन धरतं, तेच.